नऊ लॅव्हेंडर पाण्यात गेली, एक तहानेनं सुकलं: एका ठिबक नळीचं प्रकरण

भिंतीलगत आठ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद असा पट्टा. सकाळी नवापासून संध्याकाळी पाचपर्यंत अखंड ऊन. घरच्यांनी तिथली हिरवळ काढून टाकली, कमी पाण्यावर जगणारी बाग करायचं ठरवलं आणि तिचा कणा म्हणून लॅव्हेंडरची १४ झुडपं एका ओळीत लावली. लावताना कुठेही हयगय केलेली नव्हती. प्रत्येक झुडपासाठी वेगळा खड्डा खणला, तळाला दगडगोट्यांचा थर दिला, वर भरपूर कंपोस्ट मिसळलेली माती भरली आणि पृष्ठभागावर झाडाच्या सालीच्या तुकड्यांचं जाड आच्छादन घातलं. पाण्यासाठी ठिबक होतंच. शेजारच्या गुलाबाच्या ताटव्याला जाणारी नळी पुढे वाढवून याच ओळीतून फिरवली.

पहिल्या हंगामात कुणालाही हेवा वाटावा अशी ओळ तयार झाली. दुसऱ्या वर्षी सलग पावसाचे काही दिवस आले आणि त्यापाठोपाठ कडक ऊन पडलं. एका झुडपाची एकच बाजू राखाडी झाली. उरलेला अर्धा भाग हिरवागार, फुलांवर आलेला. आठवड्याभरात दुसरी बाजूही गेली आणि मग शेजारचं झुडूप मान टाकू लागलं. मालकीणबाईंनी ठिबकची वेळ रोज २० मिनिटांवरून ४० मिनिटांवर नेली. ताशी ४ लिटरचा ड्रिपर धरला तर प्रत्येक झुडपाला रोज सुमारे पावणेतीन लिटर पाणी. मर थांबली नाहीच, उलट झपाट्यानं वाढली.

त्यांचं म्हणणं साधं होतं. "अहो, तहानलेलं दिसतंय म्हणून तर पाणी वाढवलं. आता माती ओली आणि झाड वाळलेलं, हे काय गौडबंगाल आहे?"

प्रश्न अगदी नेमका होता, कारण या प्रकरणाचं उत्तर त्या विसंगतीतच दडलेलं होतं.

ओळ कुठून कुठवर मेली

औषधाचा विचार करण्याआधी मी कागदावर ओळ मांडली. दाराकडच्या टोकाला क्रमांक १, दुसऱ्या टोकाला १४. क्रमांक १ ते ९ पूर्ण मेलेली. १०, ११, १३ आणि १४ ठणठणीत. १२ मात्र सुकत चाललेलं, दोन्ही बाजूंनी निरोगी शेजारी असताना.

रोग किंवा कीड वाऱ्यावर आली असती तर मेलेली आणि जिवंत झुडपं सरमिसळ दिसली असती. इथे ओळ सरळ एका टोकाकडून मरत आली होती. दाराकडे पट्ट्याला हलका उतार आहे. डोळ्यांना तो जाणवतही नाही, पण आठ मीटरच्या पट्ट्यावर लेव्हल ट्यूब (पातळी पाहायची पाण्याची नळी) धरली तर वीतभर फरक निघतो. म्हणजे मेलेली सगळी उताराच्या खालच्या बाजूची.

जात वेगळी असण्याची शंकाही काढून टाकायची होती. लॅव्हेंडर म्हणून विकल्या जाणाऱ्या झुडपांत निदान चार-पाच तऱ्हा असतात आणि त्यांचे स्वभाव सारखे नाहीत. अरुंद पानांचं, आखूड दांड्याचं आणि दांड्यावर एकच कणीस येणारं ते लॅव्हंड्युला अँगस्टिफोलिया. थंडी सोसणारं, गोड वासाचं. त्याचा आणि रुंद पानांच्या लॅटिफोलियाचा संकर म्हणजे लॅव्हँडिन. हे थोराड, दांडा लांब, बरेचदा त्याला बाजूच्या फांद्या, वासाला कापराची झाक. हा संकर वांझ असतो, बी धरत नाही, म्हणून 'ग्रोसो'सारखे वाण केवळ छाटकलमांवरच चालत आलेत. कणसाच्या टोकावर सशाच्या कानांसारख्या जांभळ्या पाकळ्या दिसल्या तर ते स्टीकस, आणि पानाची कड बारीक दातेरी असेल तर डेंटाटा. या ओळीतली सगळी झुडपं एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी आणलेली 'मनस्टेड' होती. अँगस्टिफोलियाचा हा जुना वाण इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या गरट्रूड जेकिल यांच्या 'मनस्टेड वुड' या बागेच्या नावानं ओळखला जातो. तेव्हा वाण एक, वय एक, ऊन एक. बदलली होती ती फक्त जागा. अपवाद एकट्या बाराव्याचा. त्याच्याकडे पुढे येतो.

उपटून पाहिल्यावर

क्रमांक ३ दोन बोटांत धरून ओढलं आणि ते विनातक्रार हातात आलं. दोन हंगाम मुरलेलं लॅव्हेंडर असं येत नाही, त्याच्याशी झोंबावं लागतं. मुळं तपकिरी काळी झाली होती. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर बाहेरची साल मोज्यासारखी सरकून बोटांत राहिली आणि आत सुतळीच्या धाग्याएवढा दोरा उरला. बुंध्याची साल नखानं खरवडली तर आत हिरव्याऐवजी तांबूस तपकिरी पट्टा, जमिनीच्या पातळीपासून चार बोटं वर चढलेला. निरोगी लॅव्हेंडरची कोवळी मुळं पांढरट असतात आणि साल अशी सुटत नाही.

खड्डा पाहिला तेव्हा बाकीची गोष्ट उलगडली. भिंती गुळगुळीत, तुकतुकीत. ओली चिकण माती कुदळीनं किंवा फावड्यानं कापली की ती अशी लिंपली जाते आणि वाळल्यावर तिच्यातून ना मूळ पार होतं ना पाणी. तळाच्या दगडगोट्यांत बोट घातलं तर वर पाणी साचलेलं, त्याला कुबट वास. अशा मातीतला खड्डा म्हणजे बिनभोकाची बादली; आत कितीही भुसभुशीत माती भरा, आजूबाजूचं पाणी त्यात उतरून येणार आणि तिथेच बसणार.

तळाला दगड घातले की निचरा होतो, हा समज फार जुना आहे आणि तो चिवटही आहे. बारीक कणांच्या मातीतलं पाणी खालच्या जाड थरात सहजासहजी उतरत नाही. वरची माती जवळजवळ पूर्ण भिजून थबथबल्यावरच ते खाली सुटतं. म्हणजे दगडांच्या वर, नेमक्या मुळांच्या उंचीला, ओलीचा एक थर कायम लोंबकळत राहतो. दगड नसते तर निदान तो थर खड्ड्याच्या तळाशी, मुळांपासून लांब राहिला असता. या घरात ते दगड मेहनतीनं निवडून, धुऊन घातलेले होते.

निचरा मोजायला ओळीच्या दोन्ही टोकांना ३० सेंटिमीटर खोल खड्डे घेतले. पाण्यानं काठोकाठ भरून एकदा पूर्ण जिरू दिले, पुन्हा भरले आणि मग तासाभरात पातळी किती खाली गेली ते पट्टीनं पाहिलं. पहिल्यांदा भरलेलं पाणी मोजायचं नाही. कोरडी माती हावरटासारखं पाणी ओढते आणि फसवा आकडा देते. वरच्या टोकाला तासाला जवळपास ४ सेंटिमीटर, खालच्या टोकाला १ सेंटिमीटरही नाही. तासाला अडीच सेंटिमीटरच्या खाली आलं तर जमिनीच्या पातळीवर लॅव्हेंडर लावू नये, हा ठोकताळा बऱ्यापैकी भरवशाचा आहे.

मुळांचे तुकडे तपासणीला पाठवले. त्यात फायटॉप्थोरा हा मुळं कुजवणारा सूक्ष्मजीव सापडला. उपाय तसाही तोच राहिला असता, पण मालकीणबाईंना नाव हवं होतं आणि ते मिळालं.

ओल्या मातीत तहान कशी लागते

मुळं पाणी ओढतात ती जिवंत असेपर्यंतच, आणि जिवंत राहायला त्यांना हवा लागते. मातीतल्या पोकळ्या सतत पाण्यानं भरलेल्या राहिल्या तर प्राणवायू संपतो, मुळं गुदमरतात आणि ओढण्याचं काम थांबवतात. वर पानांतून मात्र बाष्प जातच असतं. झाड सुकतं. बघणाऱ्याला ते तहानलेलं दिसतं आणि दिसतं ते खोटंही नसतं. ते खरंच तहानलेलं असतं, पाण्यात बुडून. बहुतेक झाडांना वाफशावरची, म्हणजे ओलसर पण हवा खेळती असलेली, जमीन लागते. लॅव्हेंडरला त्यात सूट अजिबात चालत नाही.

अशा गुदमरलेल्या मुळांवर फायटॉप्थोरा येतो. तो खरी बुरशी नाही. त्याचे बीजाणू दोन शेपट्यांनी पोहतात आणि पोहायला त्यांना मातीच्या पोकळ्यांत मोकळं पाणी लागतं. वाफशावरच्या जमिनीत ते जागचे हलू शकत नाहीत; भिजलेल्या उतारावर ते एका झुडपाच्या मुळाकडून खालच्या झुडपाकडे सहज जातात. १८४५ पासून आयर्लंडमधल्या बटाट्याची वाताहत करणारा जीव याच प्रजातीगटातला. पुष्कळशी नेहमीची बुरशीनाशकं याच्यावर चालत नाहीत, आणि जी चालतात ती त्याला दाबून ठेवतात, मातीतून घालवत नाहीत. जाड कवचाच्या रूपात तो जमिनीत कित्येक वर्षं तग धरतो. म्हणून औषधाची बाटली आणायच्या प्रस्तावाला मी ठाम नकार दिला. पाणी साचणं तसंच ठेवून औषध ओतणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

झुडपाची एकच बाजू आधी का मेली, याचंही उत्तर इथेच आहे. लॅव्हेंडर जमिनीलगत फांद्या फोडतं आणि एका बाजूच्या फांद्यांना मुख्यतः त्याच बाजूची मुळं पोसतात. ज्या अंगाला पाणी आधी साचलं, ते अंग आधी गेलं.

हे झुडूप मुळात पश्चिम भूमध्य भागातल्या चुनखडीच्या खडकाळ डोंगरउतारांवरचं. तिथे पाऊस प्रामुख्यानं थंडीत पडतो, पडला तरी दगडांतून निघून जातो, आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. झुडपाच्या अंगावर त्या हवामानाच्या खुणा आहेत. पान अरुंद, कडा खाली वळलेल्या, आणि त्यावर ती रुपेरी लव. भिंगातून पाहिलं तर ती लव सरळ केसांची नसते, फांद्याफांद्यांची असते. ऊन परतवते आणि पानाला चिकटून हवेचा एक स्थिर थर धरून ठेवते, म्हणजे बाष्प कमी जातं. त्या लवेच्या आडोशाला तेलाच्या चकचकीत ग्रंथी असतात आणि वास येतो तो त्यातून. वरून वाचवण्याची एवढी तयारी असलेल्या झाडाकडे खालून बुडण्याविरुद्ध काहीच नाही.

बारावं झुडूप

आता तो अपवाद. मूळचं बारावं कुणाच्या तरी पायाखाली मोडलं होतं आणि त्या जागी ऐन उन्हाळ्यात नवं रोप लावलं होतं. त्याची पानं करडी, कुरकुरीत, पण बुंध्याची साल खरवडली तर आत हिरवी. आजूबाजूची माती दाबून पाहिली, व्यवस्थित ओलसर. सगळ्यांनी एकदम निष्कर्ष काढला की हेही त्याच वाटेनं चाललंय, ठिबक बंद करा.

उकरून पाहिलं तर मुळांचा गोळा अजून कुंडीच्याच आकाराचा होता, तळाला मुळं गोल गोल फिरलेली. आणि गोळा वाळून खडखडीत. रोपवाटिकेतल्या कुंडीत बहुधा पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पाला) किंवा कोको पीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांचं हलकं मिश्रण असतं. पीट एकदा पुरतं सुकलं की आक्रसतं आणि पाणी झिडकारतं. वरून ओतलेलं पाणी गोळ्याच्या बाजूनं निसटून सभोवतालच्या चिकण मातीत जातं, आणि चिकण माती ते धरून बसते. त्यातून इथला ड्रिपर गुलाबांच्या अंतराप्रमाणे बसवलेला, रोपापासून चांगला हातभर लांब. तेव्हा एकाच नळीवर, एकाच वेळापत्रकावर, खालची नऊ झुडपं बुडून मेली आणि हे ओल्या मातीच्या मधोमध कोरडं पडलं. कमी पाण्याच्या बागेत पाणी किती दिलं यापेक्षा ते कुठे पोचलं आणि तिथून केव्हा निघालं, हेच खरं वेळापत्रक.

बाराव्याचा इलाज तासाभराचा होता. गोळा पाण्याच्या बादलीत बुडवून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ठेवला, तळाच्या फिरलेल्या मुळांना बोटांनी मोकळं केलं, दोन-तीन जाड वेटोळी सरळ कापून टाकली, बाहेरचं थोडं पीट झटकलं आणि त्याच जागी, पण आजूबाजूच्या पातळीपेक्षा दोन बोटं उंच लावलं. ते जगलं.

जे दोषी नव्हतं

कुणीतरी चुना घालायचा सल्ला दिला होता. लॅव्हेंडरला अल्कधर्मी जमीन आवडते हे खरं, पण इथला सामू (pH) ७.२ निघाला आणि ६.५ ते ७.५ मध्ये त्याचं छान चालतं. चुना घालून काहीही साधलं नसतं. ऊन कमी पडत होतं का? मुळीच नाही, सहा तासांवर मिळालं की पुरे असतं, इथे आठ होतं. पानांवर ठिपके नव्हते, कीडही नव्हती.

कंपोस्ट आणि गुलाबांसोबत मिळणारं द्रवखत मात्र निर्दोष नव्हतं. नत्र जास्त झालं की लॅव्हेंडर लांब, मऊ, पाणीदार फुटवे काढतं, मधून फाकतं आणि फुलं कमी देतं. पहिल्या वर्षीची हेवा वाटावी अशी वाढ म्हणजे बऱ्याच अंशी हाच प्रकार होता. सालीचं आच्छादनही इथे चुकीच्या झाडाला मिळालं. गुलाबाला ते मानवतं, लॅव्हेंडरच्या बुंध्याशी ते ओल धरून ठेवतं.

पट्टा नव्यानं बांधताना

मेलेली झुडपं मुळांसकट आणि खड्ड्यातल्या मातीसकट काढली. कंपोस्टच्या ढिगात काहीच टाकलं नाही. अवजारं माती खरवडून, धुऊन, निर्जंतुक करून मगच वरच्या टोकाला वापरली. मालकीणबाईंना उरलेल्या चार झुडपांवरून छाटकलमं करायची होती. एरवी ती सगळ्यात स्वस्त आणि खात्रीची वाट. न फुललेला, अर्धवट जून फुटवा सात ते दहा सेंटिमीटरचा घ्यायचा, खालची पानं काढायची, वाळूमिश्रित भरड माध्यमात खोचायचा. रोप हुबेहूब आईसारखं येतं, बियांची रोपं मात्र एकसारखी निघत नाहीत. पण ज्या वाफ्यात मूळकूज सिद्ध झाली आहे तिथलं लागवडीचं साहित्य त्याच वाफ्यात परत आणायला माझा विरोध होता. नवी रोपं आणली आणि प्रत्येक रोप कुंडीतून बाहेर काढून मुळं पांढरी आहेत का ते पाहूनच घेतलं. रोपवाटिकेत हे करायला संकोचू नये. फायटॉप्थोराचा बागेत येण्याचा नेहमीचा रस्ता रोपांच्या कुंड्यांतूनच असतो.

सगळ्यात खालच्या तीन जागा लॅव्हेंडरसाठी रद्दच केल्या. तिथे उथळ चर काढून वरचं पाणी बाहेर वळवलं आणि चरात ओलही सोसणारी, कोरडही सोसणारी गवतं लावली. चौथ्या ते नवव्या जागेपर्यंत उंच वरंबा घातला, मध्यावर सुमारे ४० सेंटिमीटर. भिंतीपासून वीतभर अंतर सोडलं, नाहीतर वरंब्याची ओल भिंतीत जाते आणि मग बागेचं दुखणं घरात येतं.

वरंबा घालण्याआधी खालची जमीन वाफशावर आल्यावर बागकामाच्या काट्यानं उकलून घेतली, म्हणजे वरची भरड माती आणि खालची चिकण यांच्यात धारदार सीमा राहू नये. मिश्रणात निम्मी वरच्या टोकाकडची माती आणि निम्मी जाड वाळू व बारीक खडी. निम्मी, कमी नाही. चिकण मातीत चार पाट्या बारीक वाळू कालवल्यानं निचरा सुधारत नाही. वाळूच्या कणांमधल्या फटी चिकण भरून काढते आणि सगळं मिळून आणखी घट्ट बसतं. कंपोस्ट अगदी नावापुरतं, खत शून्य.

सहा रोपं ६० सेंटिमीटर अंतरानं वरंब्याच्या माथ्यावर लागली, मुळांचा गोळा मोकळा करून, बुंधा मातीपेक्षा थोडा वर ठेवून. लॅव्हँडिन असती तर हेच अंतर ९० सेंटिमीटरच्या आसपास धरावं लागलं असतं, झुडपं एकमेकांना घासली की आतली हवा कोंडते. पृष्ठभागावर फिकट रंगाच्या बारीक खडीचा तीन-चार सेंटिमीटर थर घातला. पावसाचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत, बुंधा कोरडा राहतो आणि खालून परतलेलं ऊन झुडपाच्या पोटात जातं.

जिथे उन्हाळाही दमट असतो आणि रात्रीही उकाडा असतो, तिथे अँगस्टिफोलियाचा हट्ट करू नये असं माझं मत आहे. त्याला भरघोस फुलायला थंडीचा मुक्काम लागतो. अशा ठिकाणी डेंटाटा किंवा स्टीकस, नाहीतर 'फेनॉमिनल'सारखं दमटपणा सोसणारं लॅव्हँडिन बरं. इथे थंडी पुरेशी होती, म्हणून पुन्हा 'मनस्टेड'च.

नळी वेगळी केली

खरा फरक पडला तो इथे. लॅव्हेंडरच्या ओळीला स्वतःचा व्हॉल्व्ह दिला, गुलाबांपासून पूर्ण तोडून. लागवडीनंतरचे पहिले दोन-तीन आठवडे ड्रिपर थेट मुळांच्या गोळ्यावर ठेवला, दर दोन-तीन दिवसांनी लिटर-दीड लिटर पाणी. रोप कमी पाण्याचं आहे म्हणून पहिल्याच दिवसापासून उपाशी ठेवणं, हा बाराव्याचा मार्ग. नवी पालवी दिसू लागल्यावर ड्रिपर दोन केले, दोन्ही बाजूंना वीतभर सरकवले आणि पाणी आठवड्यातून एकदाच, पण ४५ मिनिटं. म्हणजे झुडपाला साधारण सहा लिटर, खोलवर जाणारं. मुळांनी पाण्याच्या मागे खाली जावं यासाठी मधला कोरडा काळ हवाच असतो.

टायमरवर विसंबायचं नाही असं ठरलं. पाणी सोडण्याआधी खडी बाजूला सारून खुरप्यानं दहा सेंटिमीटर खाली पाहायचं. माती गार लागली, बोटाला चिकटली तर पाणी पुढे ढकलायचं. पाऊस पडला की व्हॉल्व्ह बंद. दुसऱ्या हंगामात कोरड्या उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांतून एकदा पुरलं. मालकीणबाईंना हे सगळ्यात अवघड गेलं. दुपारच्या उन्हात शेंडे जरा मलूल झाले की त्यांचा हात व्हॉल्व्हकडे जायचा. "संध्याकाळपर्यंत थांबा," एवढंच सांगत राहावं लागलं. दुपारी मलूल होऊन संध्याकाळी ताठ झालं तर काही बिघडलेलं नाही. सकाळीही मान खाली असेल तर मग माती उकरून पाहायची, आणि पाहिल्याशिवाय पाणी सोडायचं नाही.

छाटणी आणि पुढचा हिशेब

वाचलेली चार झुडपं खाली लाकूडवाणी आणि वर फाकलेली होती. फुलं संपल्यावर १०, ११ आणि १३ ची छाटणी केली: दांडे आणि त्याखालची हिरवी वाढ साधारण एक तृतीयांश, प्रत्येक फांदीवर पानांचे हिरवे तुरे शिल्लक ठेवून. चौदावं मात्र माळीकाकांनी आधीच "नवा फुटवा यावा म्हणून" करवतीनं पार जून लाकडापर्यंत उतरवलं होतं. गुलाब अशा छाटणीला उत्तर देतो. अँगस्टिफोलियाच्या निष्पर्ण लाकडातून डोळे फुटतील याची खात्री नसते आणि इथे एकही फुटला नाही. माळीकाकांनी तो बुंधा बरेच दिवस काढू दिला नाही, नखानं खरवडून हिरवं शोधत राहिले.

वरंब्यावरच्या सहांपैकी पाच धरली. सहावं कडेचं होतं. एका मुसळधार पावसात वरंब्याची कड ढासळली, खडी आणि गाळ वाहून त्याच्या बुंध्याभोवती चार बोटं साचला आणि काही आठवड्यांत ते खालून कुजलं. त्यानंतर कडेला मोठे दगड रोवून धक्का बांधला. पहिल्या वर्षी कळ्या दिसताच दांडे खुडून टाकायला सांगितलं होतं, मुळांना आणि फांद्यांना जोर मिळावा म्हणून. पाचांपैकी तिघांवर ते झालं, दोघांवर बाईंचा जीव धजला नाही. पुढच्या वर्षी खुडलेली तीन जास्त गोल आणि भरीव दिसली. तीन आणि दोन झुडपांवरून मी काही सिद्ध करू पाहत नाही, पण नवीन ओळ लावताना खुडेनच.

जुन्या तिघांचं काय करायचं, हा विषय अजून मिटलेला नाही. चांगलं राखलेलं अँगस्टिफोलिया दहा-पंधरा वर्षं चालतं, पण यांचा बुंधा सुरुवातीच्या भरपूर खतापाण्यात फाटलाय. एकेक करून बदलावीत असं मी सुचवलंय, दरवर्षी एक, म्हणजे ओळ कधीच ओकीबोकी दिसणार नाही.

दाराशी लॅव्हेंडर हवंच हा बाईंचा आग्रह मात्र कायम आहे. येता-जाता हात फिरवून वास घ्यायची सवय त्यांना लागली आहे. जमिनीत तिथे लावायचं नाही, यावर तडजोड म्हणून दोन मातीच्या कुंड्या ठेवल्यात, चिनी मातीच्या चकचकीत नाहीत, कारण साध्या मातीच्या कुंडीच्या अंगातूनही ओल उडते. तळाला ठिकऱ्यांचा थर नाही, भोकावर फक्त जाळीचा एक तुकडा. कुंड्या विटांवर उचललेल्या आहेत आणि खाली बशी ठेवायला बंदी आहे. कुंडीतलं माध्यम जमिनीपेक्षा लवकर सुकतं, म्हणून त्यांना ओळीपेक्षा जास्त वेळा पाणी लागतं आणि ते ठिबकवर जोडलेलं नाही. झारीनंच घालायचं, कुंडी उचलून वजनाला हलकी लागली तर.